बाळाचं बोट आणि डांबराचे दिवे

सान्ता क्रूस आळी,
कान्देलारियाच्या सणानंतरचा गुरुवार

तीर्थस्वरूप ओब्दुलियाआत्यास,

तुझा भाचा एवोदियो याचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकूनच लिहितो आहे, कारण टेबल सध्या दुसऱ्या कामात अडकलं आहे. ते पुढे येईलच.) तिहुआनाची हवा तुला मानवली, दमा कमी झाला आणि जावईबापू आता जेवताना टोपी काढून ठेवतात, हे कळल्यापासून आम्ही सगळे समाधानात आहोत. गुडघे कसे आहेत? जिने चढताना कठड्याला धरतेस ना? क्रिस्पिना तुझी रोज आठवण काढते, विशेषतः स्वयंपाकघरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली की. तुझी डाळिंबाची दोन्ही झाडं ठीक आहेत, कोंबड्या ठीक आहेत, गच्ची यंदा गळली नाही. गेल्या काही दिवसांत तुझे फोन आले ते मी उचलले नाहीत. फोन बिघडला होता असं लिहिणार होतो, लिहून खोडलंही, पण खोडलेलं तू उजेडाला धरून वाचतेस हे मला लहानपणापासून माहीत आहे. तर फोन बिघडला नव्हता. मला तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि तू फोनवर नुसतं "हं" म्हणालीस तरी मला घाम फुटतो.

तू निघालीस तेव्हा बसच्या पायरीवर एक पाय ठेवून मला दोन गोष्टी बजावल्या होत्यास. बैठकीची खोली कुणाला वापरायला द्यायची नाही, आणि आजीच्या लाकडी बाळ येशूला थंडी लागू द्यायची नाही. आत्या, त्यातली दुसरी गोष्ट मी पाळली. जरा गरजेपेक्षा जास्तच पाळली.

आधी खोलीचं सांगतो. बसस्थानकावरची माझी तिकीटखिडकी बंद झाली हे तुला माहीत आहे. लोक आता फोनवरच तिकीट काढतात आणि मग गाडी चुकली की बंद खिडकीवर येऊन थापा मारतात. इतकी वर्षं खिडकीमागे बसलेला माणूस घरात आला की कुठे बसावं हेच त्याला कळत नाही. मी स्वयंपाकघरात बसलो तर क्रिस्पिनाला वाटेत, अंगणात बसलो तर कोंबड्यांना. बरं, खिडकीच्या भोकातून मी हजारो चेहरे पाहिलेत, कोण घरी परत चाललाय आणि कोण पळून चाललाय हे मला नुसतं तोंड पाहून कळायचं, तेव्हा आपण फोटो चांगले काढू असं माझ्या मनाने घेतलं. त्यात एका लग्नाच्या फोटोग्राफरने पाठदुखीने धंदा सोडला आणि त्याचा कॅमेरा, तिकाटणं आणि दिव्यांचा संच मला मिळाला. आता घरातल्या घरात स्टुडिओ करायचा तर एवढी लांब खोली दुसरी कुठे आहे? तुझ्या बैठकीच्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे, छत उंच आहे, आणि त्या खोलीत माणूस आपोआप ताठ बसतो. मी खोली कुणालाही वापरायला दिली नाही, आत्या. स्वतःच घेतली. तुझा पलंग मागच्या पडवीत व्यवस्थित आहे आणि कोंबड्या आता त्याच्यावर बसत नाहीत.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की फोटो काढणं म्हणजे बटण दाबणं नसून दिवे सांभाळणं आहे. एक दिवा माणसाच्या एका बाजूने, दुसरा जरा लांबून दुसऱ्या बाजूने, म्हणजे नाकाची सावली गालावर पडत नाही. एवढं मला समजलं होतं. शेजारच्या चक्कीला ते समजलं नव्हतं. चक्कीवर मका दळायला पडला की आपल्या घरातले दिवे मंदावतात, आणि चक्की थांबली की एकदम उसळतात. अशाच एका उसळीला फोटोग्राफरचे दोन्ही दिवे फट्‌कन गेले. त्या वेळी कॅमेऱ्यासमोर खाटीक बसला होता, तो खुर्चीखाली गेला आणि अजूनही आपल्याकडे मांस जरा रागानेच तोलून देतो. मग मी रस्त्याच्या ठेकेदाराकडून दोन पिवळे दिवे आणले, ज्यांच्या उजेडात त्याची माणसं डांबर ओततात. उजेड म्हणशील तर डोळे दिपवणारा. आणि ऊब इतकी की क्रिस्पिनाने एका दिव्याच्या माथ्यावर मक्याची तोर्तिया ठेवून पाहिली, ती भाकरीसारखी फुगली. (हे वाक्य तुला पुढे आठवेल.)

आता एवढा उजेड तोंडावर सरळ सोडला तर माणूस चोरी करताना पकडल्यासारखा दिसतो. उजेड मऊ करायला दिव्यासमोर पांढरं कापड धरावं लागतं. घरातलं सगळ्यात पांढरं कापड कोणतं, हे तुला मी सांगायला नको. तुझी ती चादर पेटीत तळाशी होती, कापराच्या गोळ्यांत. ती बाहेर काढताना मी हात धुतले होते. उरलेला उजेड परत चेहऱ्यावर फेकायला मक्याच्या पिठाचे तमाले वाफवायच्या पातेल्याचं झाकण फारच उपयोगी पडतं. तेच टेबलावर उभं करून बांधलं आहे, म्हणून टेबल अडकलं आहे. आणि एक पांढरी छत्री असते, तिच्यात दिवा सोडायचा म्हणजे उजेड पसरतो. ती छत्री आळीतली दोन्या ट्रान्सितो गारपिटीत न विचारता उघडून चर्चला घेऊन गेली आणि भिजून परत आली, वर मलाच ऐकवलं की ज्या छत्रीतून उजेड गळतो तिच्यातून पाणीही गळणारच, हे विकणाऱ्याला सांग.

दोन्या ट्रान्सितो म्हणजे तीच, आळीतल्या प्रत्येक मयताला जपमाळ सांगणारी आणि प्रत्येक जन्माला बाळाचे कान कुणावर गेले ते ठरवणारी. तीच माझं पहिलं खरं गिऱ्हाईक. तिला फोटो हवा होता तो कबरीच्या दगडावर बसवायला, आपण हयात असतानाच. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मुलं फुलं घेऊन येतील तेव्हा दगडावरची आई नाराज दिसली पाहिजे, एवढीच तिची मागणी. सगळी दुपार मी तिला नाराज करत होतो. पण आत्या, डांबराचा उजेड डोळ्यांत गेला की माणूस डोळे बारीक करतो, डोळे बारीक झाले की गाल वर जातात, आणि फोटोत तो हसतो. प्रत्येक फोटोत ती जत्रेला आल्यासारखी. शेवटी चष्मा लावून तिने सगळे बघितले आणि म्हणाली, "मेल्यावर मी एवढी खूष का दिसतेय? आळीला वाटेल मुलांपासून सुटले." त्यानंतर आळीत कुणी फोटोला बसायला तयार होईना. मी दिवे पुसत बसायचो आणि क्रिस्पिना मला वळसा घालून झाडायची, हे जास्त लागायचं.

म्हणून मी ठरवलं की कान्देलारियाला बाळ येशूचाच फोटो काढायचा. बाळ हलत नाही, डोळे मिटत नाही, तक्रार करत नाही. फोटो चांगला आला की आळीतली सगळी घरं आपापले बाळ घेऊन दारात उभी राहतील. नवे कपडे घालून, चर्चमधून आशीर्वाद घेऊन आलेला बाळ आणि भोवती घरची माणसं, असा फोटो कोणाला नको असेल? आपण सुरुवात आपल्या घरच्यापासून करू, असं मी मनाशी म्हणालो. तुझा बाळ म्हणजे आजीने सांभाळलेला, आजीच्या आजीकडून आलेला, काचेच्या डोळ्यांचा, उजव्या हाताची दोन बोटं पुढे करून आशीर्वाद देणारा. सगळ्या आळीत तसा दुसरा नाही.

इथे मला गुमारोकाकाचं नाव काढावं लागतं आहे. तुला आवडणार नाही, तरी कागद फाडू नकोस. आजी गेल्यावरच्या नऊ दिवसांच्या जपमाळेनंतर तुम्हा बहीणभावांत जे झालं ते आम्ही कुणीच डोळ्यांनी पाहिलं नाही, सगळे स्वयंपाकघरात होतो. बाळ आपल्याकडे असावा असं दोघांनाही वाटत होतं, एवढंच ठाऊक. आधी तुझा आवाज वाढला, मग काकाचा, मग काहीतरी कट्‌कन वाजलं आणि एकदम शांत झालं. तू बाळाला शालीत गुंडाळून बाहेर आलीस, काका मूठ आवळून निघून गेला. आम्हाला वाटलं, रागाने आवळली असेल. त्यानंतर अकरा वर्षं तो या घराची पायरी चढला नाही. तो चपलांच्या दुकानात बसतो ते रस्त्याकडे तोंड करून, पण आपल्या आळीकडे पाठ करून. तुझा विषय निघाला तर "तुझी आत्या" म्हणतो. माझी आत्या म्हणजे त्याची बहीण, हे जणू त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

आता तीन राजांच्या सणाला क्रिस्पिना दर वर्षी त्याला रोस्काचा एक तुकडा पाठवते. (तुला हे माहीत नाही असं तिला वाटतं.) यंदा त्या गोड पावात लपवलेली बाहुली नेमकी काकाच्या तुकड्यात निघाली. ज्याला बाहुली निघाली त्याने कान्देलारियाला सगळ्यांना तमाले घालायचे. दुसरा कुणी असता तर बाहुली गिळून, वर कॉफी पिऊन मोकळा झाला असता, आणि आपल्याच घराण्यात असं केलेला एक माणूस आहे, त्याचं नाव मी घेत नाही, तो हे पत्र लिहितो आहे. पण काका खोटेपणा करत नाही. त्याने निरोप धाडला की तमाले आणीन, दारापर्यंत.

तर सणाचा दिवस. बाळ चर्चमधून आला. क्रिस्पिनाने शिवलेला पांढरा साटीनचा झगा, डोक्यावर छोटा मुकुट, फारच गोड दिसत होता. बैठकीच्या खोलीत त्याला त्याच्या लहान खुर्चीवर मध्यभागी बसवलं. भोवती आळीतली दहाबारा माणसं आपली तोंडं धुऊन उभी. पण जो तो दुसऱ्याच्या मागे सरकत होता, कारण बाळाच्या धर्मपित्याची तीन वर्षं संपली होती आणि नवा धर्मपिता त्याच दिवशी ठरायचा होता. तीन वर्षं बाळाचे कपडे, सणाचं जेवण, बाजा, फटाके, सगळं त्याच्या खिशातून. दोन्या ट्रान्सितोने "मग यंदा कोण?" असं विचारलं की जो तो तुझ्या फरशीकडे अशा नजरेने पाहायचा, जणू फरशी आजच बसवली आहे. आणि फरशी पाहून झाली की सगळे माझ्याकडे पाहायचे. बाळ माझ्या घरी, स्टुडिओ माझा, म्हणजे धर्मपिता मीच असणार हे उघड होतं. मला तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, आत्या. मी फोटोच्या मागे लपलो. आधी फोटो, मग बाकीचं, असं म्हणालो आणि दिवे लावले.

बाळाचा चेहरा अंधारात जात होता म्हणून एक दिवा त्याच्या अगदी जवळ आणला. मग चक्की सुरू झाली, दिवे मंदावले, आम्ही थांबलो. चक्की थांबली, दिवे उसळले, एक म्हातारे शिंकले, पुन्हा थांबलो. एवढा वेळ तो दिवा बाळाच्या हाताशी. कॅमेऱ्याला आपोआप फोटो घ्यायला लावून मी धावत जाऊन दाराजवळच्या स्टुलावर बसायचो. पहिला फोटो घेतला. बाळाच्या डोळ्यांतल्या काचेवर चमक येत होती म्हणून खुर्ची जराशी सरकवली आणि दुसरा घेतला. त्या दुसऱ्या फोटोच्या क्षणीच दारात काका आला. बाहेरच्या बोळात मिट्ट अंधार असतो, त्यातून तो तमाल्यांची बादली घेऊन उंबऱ्यापाशी आला आणि त्याच्या तोंडावर दोन्ही दिव्यांचा उजेड पडला.

कॅमेरा वाजला, आणि मागोमाग दोन्या ट्रान्सितो गुडघ्यांवर बसली. आधी वाटलं तिचा पाय घसरला. मग तिने बाळाकडे हात केला आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बाळाची दोन बोटं आशीर्वादाला पुढे असायची ना, त्यातलं मधलं गळून पडलं होतं, नुसतं पहिलं बोट उरलं होतं. आशीर्वाद राहिला नव्हता. बाळ सरळ बोट दाखवत होता, आणि ते बोट दारातल्या गुमारोकाकाकडे होतं. चक्कीवालीने क्रूसाची खूण केली. दोन्या ट्रान्सितो म्हणाली, "निवडला. बाळाने आपला धर्मपिता स्वतः निवडला." ज्यांच्या गळ्यात ते पडणार होतं त्या सगळ्यांनी सुटकेचा जो श्वास सोडला, त्याने तुझी चादर हलली. काकाने बोटाकडे पाहिलं. बादली उंबऱ्याच्या आत ठेवली आणि निघून गेला.

माणसं गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं तर झग्याच्या मांडीवर मेणाचा गुलाबी डाग. लाकडाच्या बाळाचं लाकडाचं बोट वितळलं कसं? मी वास घेतला, चर्चच्या मेणबत्तीचा वास. तेव्हा मला काहीच उलगडलं नाही. एवढंच कळलं की तू मला एक वस्तू सांभाळायला दिलीस आणि मी ती भाजली. ते मेण पुन्हा मळून बोट करायचा मी प्रयत्न केला. पहिलं गाजरासारखं झालं, दुसरं वाकडं झालं आणि बाळ कुणाला तरी खुणेने बोलावतोय असं दिसायला लागलं, म्हणून मी ते काढून टाकलं. तोवर दोन्या ट्रान्सितोने ही गोष्ट बाजारापर्यंत पोचवली होती. लोक मेणबत्त्या घेऊन येऊ लागले. ज्या स्टुडिओत मला कुणीतरी हवं होतं, तो भरून गेला, आणि मी कोपऱ्यात उभा राहून कुणालाही "अहो, दिवा जवळ होता" एवढं चार शब्दांचं वाक्य बोलू शकलो नाही. उलट एका बाईने माझे हात धरून मी भाग्यवान असल्याचं सांगितलं आणि मी मान डोलावली. आत्या, ती मान डोलावलेली मला अजून आठवते आणि जेवण जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आला. आत आला. अकरा वर्षांनी उंबरा ओलांडून तो तुझ्या खोलीत माझ्या स्टुलावर बसला, दिव्यांकडे पाहिलं, तुझी चादर ओळखली. खिशातून एक काड्यापेटी काढली आणि गुडघ्यावर उघडली. आत कापसावर बाळाचं बोट होतं. लाकडाचं, नखासकट, रंग थोडा उडालेलं. "हे त्याचं आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे राहिलं होतं." मग मला ती आवळलेली मूठ आठवली.

मग त्याने विचारलं की तुझ्या आत्याने मेणाचं लावलं होतं काय. मी म्हणालो, तसंच दिसतंय. म्हणाला, "रंग बरोबर जमवला होता तिने. अकरा वर्षं कुणाला कळलं नाही." त्याच्या बोलण्यात कौतुक होतं, मी ऐकलं. मला तेव्हा इतकी लाज वाटली की मी बोलून गेलो, काका, चमत्कार वगैरे काही नाही, दिवा फार जवळ होता. तो म्हणाला, असू दे. लोकांना वाटतं बाळाने धर्मपिता निवडला, पण बाळ आपलं बोट परत मागत होता आणि ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच मागत होता, यात चूक काय आहे? मग त्याने दुसऱ्या खिशातून चामड्याच्या चपला काढल्या, माझ्या अंगठ्याएवढ्या, तीन पट्ट्यांच्या, बारीक टाके घातलेल्या. बाळाच्या पायात त्या नेमक्या बसल्या. माप कधी घेतलंस असं मी विचारलं तर म्हणाला, बाळाला मांडीवर घेऊन कपडे चढवायला आईने मलाच शिकवलं होतं, ताई तेव्हा केस विंचरत असायची.

ताई म्हणाला, आत्या. मी मुद्दाम लिहितो आहे.

बोट आपण चिकटवू, सरस आहे, असं मी म्हणालो. त्याने काड्यापेटी बंद केली. म्हणाला, हे दोघांनी तोडलं, दोघांनीच लावायचं. मग माझ्याकडे तुझा पत्ता मागितला. फोन लावून देऊ का, तर नको म्हणाला, फोनवर ती "बरं" म्हणेल आणि ठेवून देईल. ज्या माणसाने पुएब्ला शहराच्या पुढचा रस्ता पाहिलेला नाही, तो आता वाळवंट ओलांडून तिहुआनाला निघाला आहे, बाळाला मांडीवर घेऊन. तिकिटासाठी मीच बरोबर गेलो होतो. बाळाचं वेगळं तिकीट लागेल का, असं त्याने विचारलं. माझ्या जुन्या सोबत्याने जागेवरून उठून काचेतून बाळाकडे नीट पाहिलं आणि पाच वर्षांच्या आतलं मूल मांडीवर असेल तर लागत नाही, असं अगदी नियमाने सांगितलं.

सोबत तो दुसरा फोटो ठेवला आहे. आजवर मी काढलेल्या फोटोंतला हा एकच चांगला आहे, आणि त्यात माझी कर्तबगारी काही नाही. सगळ्यांचे डोळे मिटले आहेत, क्रिस्पिनाचे तर घट्ट. दारातला तुझा भाऊ तेवढा डोळे उघडे ठेवून उभा आहे. उजेड त्याच्या तोंडावर असा पडला आहे की तो आजीसारखा दिसतो. मी तुझ्या बाळाला भाजलं, तुझी खोली घेतली, तुझा पलंग पडवीत टाकला, आणि हे सगळं लिहायला मला हे निमित्त लागलं. मला क्षमा कर असं म्हणायची सुद्धा लाज वाटते, तरी म्हणतो. मुलींना आशीर्वाद. जावईबापूंना सलाम.

तुझा नालायक पण प्रेमाचा भाचा,
एवोदियो

ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल, कारण ज्याने ते दाराच्या फटीतून आत सरकवलं तो बाहेर उभा आहे. पत्र वाचून होईपर्यंत दार वाजवू नकोस असं मी त्याला बजावलं आहे, आणि माझं पत्र केवढं मोठं असतं हे तुला माहीत आहे. तेव्हा क्षमेचं नंतर पाहू. माझी खरी विनंती एवढीच आहे की दार उघड.

ता. क. दुसरा. अजून एक आहे. हे काकाला कधीही कळता कामा नये, म्हणून पाकिटाला क्रिस्पिनाला डिंक भरपूर लावायला सांगणार आहे. पहिला फोटो मी तुला पाठवलेला नाही, कारण तो पुसून टाकला. त्या फोटोत बोट गळलेलंच होतं. मी कॅमेऱ्यात पाहिलं. बाळ तेव्हा माझ्याकडे बोट दाखवत होता, सरळ माझ्या छातीकडे. मला तीन वर्षांचे कपडे, बाजा, फटाके, आळीभर तमाले डोळ्यांसमोर दिसले आणि मी खुर्ची वीतभर फिरवली. बाळाच्या डोळ्यांत चमकबिमक काही नव्हती. मी ती रिकाम्या दाराकडे फिरवली, तिथे कुणी नाही असं समजून. दिव्यांसमोरच्या माणसाला बाहेरच्या अंधारातलं काही दिसत नाही, हे मला फोटोग्राफीत सगळ्यात उशिरा समजलं. काका एवढ्या लांब आला आहे तो बाळाने आपल्याला बोलावलं असं समजून, आणि बोलावणं मी माझ्या गळ्यातलं काढून त्याच्या गळ्यात टाकलं आहे. त्याला सांगू नकोस. म्हातारा माणूस आहे, त्याला वाईट वाटेल.

ता. क. तिसरा. बैठकीची खोली पुढच्या सणापर्यंत माझ्याकडे राहू दिलीस तर बरं होईल. चादरीच्या कोपऱ्यावर तपकिरी वर्तुळ आहे ते कॉफीचं आहे.

*

आत्याबाई, मी क्रिस्पिना. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली जागा आहे तेवढ्यात लिहिते. ते वर्तुळ कॉफीचं नाही.

खुर्ची फिरवली ते मी पाहिलं होतं. फोटोत माझे डोळे मिटलेले आले म्हणून मला काही दिसत नाही असं यांना वाटतं. आज तिकीट काढून आल्यावर काका अंगणात बाळाला ब्लँकेटात गुंडाळत होते, तेव्हा मला राहवलं नाही. एवढा म्हातारा माणूस एवढ्या लांब खोट्या बोलावण्यावर जातोय, हे मनाला लागलं. मी त्यांना खुर्चीचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी आधी गाठ पुरी मारली. मग म्हणाले, "ठाऊक आहे, सूनबाई. मी केव्हाचा बोळातच उभा होतो. त्याने खुर्ची फिरवली तेव्हा मी उजेडात नव्हतो. मला मागे जाता आलं असतं."

एवढंच बोलले आणि बाळाच्या चपला नीट बसल्यात का ते पाहू लागले.

त्यांना आता मिरची सोसत नाही, तमाले केलेत तर गोडाचे करा. बाळाच्या पायांना वारा लागतो. दोघांनाही आत घ्या.